रात्र नव्हे, नंतरची सकाळ

म्हैस अडल्याचा फोन रात्री साडेअकराला आला. हात घालून पाहिलं तर गर्भाशयाला पीळ पडलेला. चार माणसं हाताशी घेतली, पोटावर फळी ठेवून तिला तीनदा लोळवलं, तेव्हा कुठे पीळ सुटला. साडेतीनला रेडकू जिवंत बाहेर आलं. घरी पोचेपर्यंत पाच वाजत आले. तासभर पाठ टेकली आणि सातला ब्रुसेलोसिसच्या लसीकरणाला हजर झालो.

ही लस ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना आयुष्यात एकदाच देतात. तिच्यात जिवंत जंतू असतात. वासराला संरक्षण देणारी ही लस माणसाच्या अंगात गेली तर त्याला आजारी पाडू शकते. हे मला तोंडपाठ होतं. तरीही विसाव्या वासरानंतर, सुईवर टोपण चढवताना, ती सुई माझ्या डाव्या अंगठ्यात रुतली. टोपण परत चढवायचं नसतं, हे नव्या पोरांना मीच शिकवतो. त्या सकाळी हात सवयीने चालत होते आणि डोकं मागे राहिलं होतं.

वाहत्या पाण्याखाली साबणाने अंगठा धुतला आणि लसीची कुपी खिशात घालून डॉक्टरांकडे गेलो. तीन आठवडे डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन घेतलं. लघवी केशरी व्हायची आणि मुलगी घाबरायची. नंतर सहा महिने ठरावीक अंतराने रक्ततपासणी. रोज संध्याकाळी बायको न बोलता थर्मामीटर पुढे करायची. आजार झाला नाही. पण त्या सहा महिन्यांत एकही संध्याकाळ निर्धास्त गेली नाही.

आपल्या व्यवसायात जागरणाचं कौतुक होतं. मीही ते मिरवलं आहे. पण डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिलं, की सलग १७ तास जागं राहिल्यावर हात आणि नजरेचा मेळ असा बिघडतो, जसा १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यांश असताना बिघडतो. आपल्याकडे गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. सकाळी सहाला उठलेल्या माणसाचे १७ तास रात्री अकरालाच भरतात. माझा फोन त्यानंतर वाजला होता!

रात्रीचा फोन टाळता येत नाही, टाळूही नये. अडलेलं जनावर सकाळची वाट पाहत नाही. पण लसीकरण चार तास थांबू शकतं, आणि नेमकं तेच मी थांबवलं नव्हतं. म्हणून सहकाऱ्यांना कळकळीने सांगतो.

रात्र जागून काढली असेल तर झोप झाल्याशिवाय जिवंत लस, शस्त्रक्रिया, भुलीचं औषध हातात घेऊ नका. सरपंचांना सरळ फोन करा, वेळ पुढे ढकला. वापरलेली सुई टोपण न घालता थेट जाड डब्यात टाका. तरीही टोचलीच, तर मनाने गोळ्या घेऊ नका; लसीचं नाव घेऊन डॉक्टरांना गाठा.

परतताना डोळे मिटत असतील तर मोटारसायकल बाजूला लावा. गोठ्याच्या ओट्यावर वीस मिनिटं पडा. चहाचा असर व्हायला अर्धा तास लागतो, तोवर रस्ता थांबत नाही.

गाढ झोपेतून उठल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त, डोकं जड असतं. त्या वेळी औषधाची मात्रा मनात मोजू नका. नेहमीच्या मात्रा कार्डावर लिहून बॅगेत ठेवा. दुग्धज्वराच्या गाईला शिरेतून कॅल्शियम देताना घाई झाली तर हृदय बंद पडू शकतं. तिथे पेंगत बसणं जनावराच्या जिवावर बेततं.

शेजारच्या दोन-तीन गावांतल्या सहकाऱ्यांशी रात्री वाटून घ्या. पाळी नसेल त्या रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि सात तास झोपा. दिवसा झोपायचं असेल तर खोली अंधारी करा, घरच्यांना सांगून ठेवा. शेतकऱ्यावर विनाकारण खेकसायला लागलात, तर आधी झोपेचा हिशोब पाहा. वेळ असूनही आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, तर वैद्यकीय सल्ला घ्यायला लाजू नका.

वेळ पुढे ढकलली तर गाव नाराज होईल, ही धास्ती मलाही होती. पहिल्यांदा ढकलली तेव्हा एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "डॉक्टर, रात्रभर मोटेला चाललेला बैल आम्ही कधी सकाळी औताला जुंपला नाही. तुम्हाला का जुंपावं?"

त्या दिवशी लसीकरण अकराला सुरू झालं. सगळी वासरं दावणीला होती, आणि माझा हात स्थिर होता.