ट्रकची बॅटरी उतरली, तर खर्च किती आणि कुठे

सेल्फ मारला, टकटक आवाज आला आणि इंजिन जागचं हललं नाही, तर मेस्त्रीला फोन करण्याआधी मल्टिमीटर काढा. तीनशे ते सहाशे रुपयांत तो मिळतो आणि प्रत्येक ट्रकच्या डॅशबोर्डमध्ये असायलाच हवा. मीटर नसला की चालक समोरचा माणूस सांगेल त्यावर विश्वास ठेवतो. मग शंभर रुपयांच्या चार्जिंगचं काम नव्या बॅटऱ्यांच्या जोडीवर जातं. (इथले सगळे भाव ढोबळ आहेत, गाव आणि कंपनी बदलली की ते बदलतात.)

मोठ्या ट्रकमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. दोन्ही वेगवेगळ्या मोजा. गाडी काही तास उभी असताना 12.6 व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे, बाराच्या आसपास असेल तर जवळजवळ रिकामी. चार्ज करूनही ती साडेदहाच्या पुढे चढत नसेल, तर बहुधा एखादा सेल गेला आहे. दोन्ही बॅटऱ्या ठीक दिसल्या तर टर्मिनल आणि चेसिसची आर्थिंग पाहा. पांढरी-हिरवी पूड चढलेली असली तर कोमट पाण्याने धुऊन, घासून, घट्ट आवळा. याला पैसा लागत नाही आणि बऱ्याच गाड्या एवढ्यावरच चालू होतात.

अनेकदा असं दिसतं की दोन्हीपैकी एकच बॅटरी उतरलेली आहे. त्याचं कारण केबिनमध्ये सापडतं. टेप, पंखा, मोबाइल चार्जर बारा व्होल्टवर चालतात, म्हणून वायरमन एकाच बॅटरीवरून तार ओढतो. अल्टरनेटर मात्र दोन्हींना सारखाच करंट देतो. त्यामुळे तार ओढलेली बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते. शेवटी दोन्ही जातात. चोवीसचे बारा व्होल्ट करणारा कन्व्हर्टर पाचशे ते हजार रुपयांत बसतो. मालकांनी हा खर्च टाळू नये, कारण चालकाने रात्री पंखा लावायचा नाही असं सांगणं अन्यायाचं आहे.

वाटेत गाडी अडकली तर दुसऱ्या चोवीस व्होल्टच्या ट्रकवरून जंप देता येतो. बारा व्होल्टची कार या कामाची नाही. केबल जाड तांब्याची हवी. बाजारातल्या चारशे-पाचशे रुपयांच्या बारीक केबल कारसाठी असतात. ट्रकचा सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो, तेव्हा त्या तापून वितळतात. ट्रकला चालेल अशी जोडी दोन ते चार हजारांना पडते. चार-पाच गाड्यांच्या मालकाने एक घेऊन ठेवावी.

जोडताना दोन्ही बॅटऱ्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या आखूड तारेला हात लावू नका. सेल्फकडे जाणारा प्लस शोधा. लाल केबल आधी बंद ट्रकच्या त्या प्लसला, मग चालू ट्रकच्या प्लसला. काळी केबल चालू ट्रकच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक बंद ट्रकच्या चेसिसवर, बॅटरीपासून लांब, उघड्या लोखंडाला. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते, म्हणून हा क्रम महत्त्वाचा. पाच-दहा मिनिटं थांबून सेल्फ मारा, एका वेळी दहा सेकंदांहून जास्त नाही. चालू झाल्यावर केबल उलट क्रमाने काढा.

हायवेवर आणखी एक जुनी पद्धत दिसते. शेजारच्या ट्रकच्या बॅटऱ्या उचलून लावायच्या, इंजिन चालू करायचं आणि ते चालू असतानाच बॅटऱ्या पुन्हा बदलायच्या. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाडीवर हे करू देऊ नका. बॅटरी सुटताच अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळतो आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जळू शकतो. त्याचा खर्च नव्या बॅटऱ्यांच्या कितीतरी पट आहे. टोचन करून किंवा धक्का मारून चालू करणंही अशा गाडीला लागू पडत नाही. पूर्ण उतरलेल्या बॅटरीवर ईसीएम जागा होत नाही, मग इंजेक्टर डिझेल सोडत नाहीत. त्यात टाकीतली हवा उतरली असेल तर मागची चाकं ब्रेकने धरलेलीच असतात. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीला धक्का चालायचा, पण पॉवर स्टिअरिंग आणि हवा नसताना उतारावर भरलेला ट्रक सोडणं म्हणजे जीव धोक्यात घालणं.

राष्ट्रीय महामार्गावर असाल तर महामार्गाच्या 1033 या हेल्पलाइनवर फोन करा. खासगी वायरमन जागेवर येऊन जंप देण्याचे पाचशे ते दीड हजार घेतो. रात्री आणि घाटात जास्त. रक्कम फोनवरच ठरवा.

गाडी चालू झाली म्हणजे बॅटरी भरली असं नाही. दुकानात मंद करंटवर दहा-बारा तास चार्जिंग लावा, एका बॅटरीचे शंभर ते दोनशे रुपये पडतात. बदलायचीच वेळ आली तर 130 ते 150 अँपिअर-अवरची एक बॅटरी साधारण अकरा ते सोळा हजारांना येते. जोडी जुनी असेल तर दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या घ्या. जुनी-नवी जोडी लावली तर जुनी नवीलाही खराब करते.

बिल नीट वाचा. 22 सप्टेंबर 2025 पासून या बॅटऱ्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आहे. जुन्या बॅटरीत शिसं असतं आणि त्याला भाव आहे, एकेका बॅटरीचे अडीच-तीन हजार तरी सुटतात. ते बिलातून वजा करून घ्या, आणि वॉरंटी कार्डावर विक्रीची तारीख, बॅटरीचा नंबर व दुकानाचा शिक्का पडल्याशिवाय दुकानातून निघू नका.