फडातली तहान

दिवाळी सरली की आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वाड्या-वस्त्यांवरून ऊसतोडीचे कोयते बाहेर पडतात. कुणी प्रवरा-गोदावरीकाठच्या कारखान्यांवर जातं, कुणी थेट कर्नाटकात. मग दवाखान्यात ठरलेल्या तक्रारी येतात: लघवीला जळजळ, पायात गोळे, डोकं गरगरणं. पाणी किती पिता विचारलं की उत्तरही ठरलेलं, "तहानच लागत न्हाय, डॉक्टर."

हे उत्तर बहुतेकदा खरं असतं.

रक्तातलं पाणी घटून क्षारांचं प्रमाण एक-दोन टक्क्यांनी जरी वाढलं, तरी मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला ते कळतं. तिथून सुटणारं हार्मोन मूत्रपिंडांना पाणी राखायला लावतं, म्हणून लघवी थोडी आणि गडद होते. त्यापाठोपाठ घशाला कोरड पडते. इथवर सगळं चोख आहे. घोटाळा पुढे होतो. प्यायलेलं पाणी रक्तात उतरायला दहा-वीस मिनिटं लागतात, पण घसा आणि जठर मेंदूला आधीच वर्दी देतात आणि तहान मिनिटभरात शमते. तूट भरून निघालेली नसतेच. त्यात घामावाटे मीठही गेलेलं असतं. नुसतं पाणी प्यायलं की रक्त पातळ होतं आणि मेंदू तहान बंद करतो. म्हणून दुपारी भाकरीसोबत ठेचा आणि मीठ घातलेलं ताक हवं. साठीनंतर तर तहानेची जाणीवच मंदावते. टोळीसोबत कोपीवर राहणाऱ्या म्हाताऱ्यांना पाणी आठवणीनं द्या.

बायकांचं दुखणं वेगळं आहे. त्यांना तहान लागते. त्या ती मारतात. फडात आडोसा नाही, म्हणून पहाटेपासून अंधार पडेपर्यंत घोटभर पाण्यावर काढायचं. लघवीतला जंतुसंसर्ग आणि मुतखडा यातूनच वाढतो. मी गोळ्या लिहून देतो, पण खरा उपाय माझ्या कपाटात नाही. फडाजवळ प्यायचं पाणी आणि शौचालय ही मुकादमाची आणि कारखान्याची जबाबदारी आहे, ती कुणाची मेहरबानी नव्हे. निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमध्ये मधुमेह किंवा रक्तदाब नसलेल्या तरुण ऊसतोड कामगारांची मूत्रपिंडं निकामी झाली. उन्हातली अंगमेहनत आणि पाण्याची तूट हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं.

भूक थांबू शकते, तहान नाही. 2011 च्या ऑगस्टमध्ये राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंचं दिल्लीतलं उपोषण तेराव्या दिवशी सुटलं. वय 74, पण पाणी चालू होतं. यकृतातला साखरेचा साठा साधारण दिवसभरात संपतो, मग शरीर चरबीवर चालतं आणि भूक बोथट होते. पाण्याविना मात्र माणूस जेमतेम काही दिवस काढतो. (अण्णांच्या भोवती डॉक्टर होते; घरी असे प्रयोग करू नका.)

रोजची भूक बरीचशी घड्याळावर चालते. रिकाम्या जठरातून घ्रेलिन नावाचं हार्मोन नेहमीच्या जेवणवेळेच्या आधी चढतं आणि जेवल्यावर उतरतं. चार-चार कप गोड चहा पिऊन आणि दातांना मिश्री लावून ती भूक मारली जाते, कारण तंबाखूतलं निकोटिन भूक दडपतं. अंगात ताकद येत नाही ती नाहीच.

तेव्हा पहाटे निघताना दोन पेले पाणी घ्या, मग दर अर्ध्या तासाला एक-दोन पेले, तहान असो वा नसो. तासाला दीड लिटरच्या वर मात्र जाऊ नका. जुलाब-उलट्या झाल्या तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडं थोडं प्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर पाण्याचं माप तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. आणि घटाघट पिऊनही तहान भागत नसेल, रात्री सारखं लघवीला उठावं लागत असेल, भरपूर खाऊनही वजन उतरत असेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तातली साखर तपासून घ्या. हंगाम संपायची वाट पाहू नका.