चुकेल या भीतीने थांबू नका



धम्मदीक्षा घेतलेल्या घरात पहिल्या दिवसापासून सारे नवे असते. वंदना नवी, मंगल परिणयाचा विधी नवा, नामकरण नवे, गृहप्रवेश नवा, मृत्यूनंतरचे पुण्यानुमोदनही नवे. बौद्धाचार्य आले तर प्रश्न नसतो. ते आले नाहीत म्हणजे घरातल्याच कोणी तरी पुढे बसून त्रिशरण-पंचशील घ्यावयाचे असते. अशा वेळी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. आई म्हणते, "मला काय येतंय? शिकलेला पोरगा येऊ द्या." पोरगा म्हणतो, "मला पाठ नाही, चारचौघांत चुकलं तर?" मग कोणीच पुढे होत नाही. मेणबत्ती लागते, फुले वाहिली जातात आणि वंदना राहून जाते. "माझ्याकडून चुकेल" या एका वाक्याने किती घरांत धम्म उंबऱ्यावरच थांबला असेल, याचा विचार करा. आजचा पाठ या वाक्याविषयी आहे.

१. ही भीती कोठून आली?

तिची दोन मुळे आहेत. पहिले मूळ जुन्या कर्मकांडात आहे. मंत्राचा स्वर चुकला तर फळ उलटे मिळते, देव कोपतो, यजमानाचे वाईट होते, असे शतकानुशतके सांगितले गेले. म्हणून ज्याच्या कुळात मंत्र आहे त्यानेच तोंड उघडावे, इतरांनी हात जोडून बसावे, अशी रीत पडली. दीक्षा घेतल्यावर देव्हारा गेला, पण ही भीती काही घरांत मागे राहिली. वंदना चुकली तर घरात काही विपरीत होईल, असे अजून कोणाकोणाला वाटते. तेव्हा स्पष्ट लक्षात ठेवा की वंदना म्हणजे मंत्र नव्हे. तथागत मार्गदाते आहेत, कोपणारे दैवत नव्हेत. एखादे अक्षर मागेपुढे झाल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

दुसरे मूळ हसण्यात आहे. आपल्या वाडवडिलांना पिढ्यान् पिढ्या अक्षर मिळू दिले नाही. पुढे शाळेचे दार उघडले, तेव्हा त्यांच्या बोलीला हसण्यात आले. एकदा चारचौघांत हसे झालेला माणूस पुढल्या वेळी गप्प बसतो. लोक समजतात, याला काही येत नाही. खरे तर त्याला येत असते, पण त्याने तोंड मिटून घेतलेले असते.

२. 'सरणं' की 'शरणं'?

पाली भाषेत 'श' आणि 'ष' हे वर्ण नाहीत, फक्त 'स' आहे. 'ऋ', 'ऐ', 'औ' नाहीत आणि विसर्गही नाही. म्हणून पालीत 'शरण'चे 'सरण', 'शील'चे 'सील', 'शिक्षापद'चे 'सिक्खापद' होते. मराठीत 'सरण' म्हणजे चितेची लाकडे. त्यामुळे काहींना 'सरणं' म्हणताना कसेसेच वाटते. पण मराठीतला तो शब्द वेगळा. पालीतल्या 'सरण'चा अर्थ आश्रय असाच आहे.

आता गंमत पाहा. आपल्या खेड्यातली म्हातारी 'शांती'ला 'सांती' आणि 'शील'ला 'सील' म्हणते. शाळेत अशा उच्चाराला अशुद्ध म्हटले जाते. पण पालीच्या दृष्टीने आजीच्या तोंडचा 'सील'च बरोबर! ज्या जिभेला लोक हसले, ती जीभ तथागतांच्या वचनांना अधिक जवळची निघाली. शुद्ध काय आणि अशुद्ध काय हे त्या त्या भाषेच्या नियमाने ठरते, माणसाच्या जातीने किंवा गावाने ठरत नाही.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात या संबंधीची एक हकीकत आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या, उत्तम वाणीच्या दोन भिक्खूंनी तथागतांकडे तक्रार केली. निरनिराळ्या गोत्रांचे, जातींचे आणि कुळांचे लोक संघात आले आहेत आणि ते आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवीत आहेत, तेव्हा ते छंदात बांधून ठेवू द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. तथागतांनी त्यांनाच दोष दिला. बुद्धवचन स्वतःच्या बोलीत शिकण्याची अनुज्ञा त्यांनी दिली. याचा अर्थ उच्चाराकडे दुर्लक्ष करा असा नव्हे. उच्चार जरूर सुधारा. पण उच्चार बरोबर नाही म्हणून कोणाला धम्मापासून दूर ठेवू नका आणि स्वतःही दूर राहू नका.

३. मिलिंद राजा आणि भदन्त नागसेन

आपल्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, मिलिंद महाविद्यालय आणि नागसेनवन ही नावे लहान मुलालाही ठाऊक आहेत. प. पू. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली येथे महाविद्यालय सुरू केले. निजामी राजवटीत वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठवाड्याच्या खेड्यांतून घराण्यातले पहिलेच शिकणारे तरुण येथे आले. त्यांना विषय नवे होते, शहर नवे होते आणि इंग्रजीही नवी होती. अशा विद्येच्या स्थानाला मिलिंद आणि नागसेन ही नावे किती शोभतात, ते पाहा.

मिलिंद हा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा. सागल ही त्याची राजधानी. वादात त्याच्यापुढे कोणी टिकत नसे. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात असे सांगितले आहे की, भदन्त नागसेनांना भिक्खुसंघात बसलेले प्रथम पाहिले तेव्हा या राजालाही भीती वाटली. तरीही त्याने जवळ जाऊन प्रश्न विचारला.

पुढे राजाने आणखी चर्चा करण्याची इच्छा दाखविली, तेव्हा नागसेनांनी एक अट घातली. तुम्ही पंडितांप्रमाणे बोलणार असाल तर मी बोलेन, राजांप्रमाणे बोलणार असाल तर बोलणार नाही. राजाने दोहोंतला फरक विचारला. पंडितांच्या चर्चेत गुंता होतो आणि सुटतो, चूक दाखविली जाते, ती मान्य केली जाते, आणि तरीही कोणी रागावत नाही. राजे मात्र एक गोष्ट ठरवितात आणि जो वेगळे बोलेल त्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंदाने पंडितांची रीत मान्य केली. ग्रंथाच्या शेवटी तो उपासक झाला.

बंधूंनो, आपल्या भीतीचे सारे मर्म या अटीत आहे. माणूस चुकीला भीत नाही, चुकीबद्दल मिळणाऱ्या शिक्षेला आणि हसण्याला भितो. चूक दाखविली आणि राग आला नाही, की भीतीला जागाच उरत नाही. आता स्वतःला विचारा : माझ्या घरात पंडितांची रीत आहे की राजांची? पत्नीचा शब्द चुकला तर आपण डोळे वटारतो का? मुलाचे गणित चुकले तर पाठीत धपाटा घालतो का? आई मोबाइलवर पैसे पाठवायला शिकताना दुसऱ्यांदा विचारते, तेव्हा मुलगा "तुला नाही जमायचं" म्हणून तिच्या हातातून मोबाइल काढून घेतो का? मग त्या घरातला राजा तोच आहे, आणि त्या घरात कोणी काही नवे शिकणार नाही.

४. चूक वेगळी, अकुशल कर्म वेगळे

कोणी विचारील, धम्मात तर 'हिरी' आणि 'ओत्तप्प', म्हणजे लज्जा आणि भय, यांना सद्गुण म्हटले आहे, मग भिऊ नये असे कसे? उत्तर सोपे आहे. ही लज्जा आणि हे भय अकुशल कर्माविषयी आहे. तथागतांनी चेतनेला, म्हणजे हेतूला, कर्म म्हटले आहे. चोरी करताना भ्यावे, खोटे बोलताना लाजावे. पण शिकताना शब्द अडखळला तर त्यात वाईट हेतू कोठे आहे? दुर्दैवाने आपण पुष्कळदा उलट वागतो. खोटे बोलायला धजतो आणि विचारायला लाजतो.

आचरणात खरोखर चूक झाली तर काय करावे, हे तथागतांनी राहुलाला सांगितले आहे. आरसा जसा पाहण्यासाठी असतो, तसे प्रत्येक कृतीकडे करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर पाहावे. देहाची किंवा वाणीची कृती चुकीची ठरली तर ती शास्त्यापुढे किंवा जाणत्या सोबत्यापुढे उघड करावी आणि पुढे सांभाळावे. बरोबर ठरली तर आनंदाने शिकत राहावे. पंचशीलांनाही 'सिक्खापद' हेच नाव आहे. ते शिकण्याचे पाठ आहेत, आणि जो पाठ घेतो तो शिकाऊच असतो.

५. परत आलेला प्रबंध

बाबासाहेबांची विद्वत्ता जन्मतःच तयार होती असे समजू नका. शाळेत त्यांना संस्कृत शिकू दिले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतः कष्टाने मिळविले. लंडनला त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर डी. एस्सी.साठी प्रबंध सादर केला, तेव्हा परीक्षकांनी तो पुन्हा लिहून मागितला. पैशाची ओढाताण होती, 1923 साली मुंबईस परतावे लागले. त्यांनी निष्कर्ष न बदलता प्रबंध पुन्हा लिहिला आणि पाठविला. तो मान्य झाला आणि त्याच वर्षी ग्रंथरूपाने निघाला. परत आलेल्या कागदाला ते अपमान समजले असते तर?

६. घरी काय करावे

आठवड्यातला एक वार ठरवा. पहिल्या आठवड्यात पुस्तक समोर ठेवून सर्वांनी मिळून फक्त त्रिशरण म्हणावे. पाहून म्हणण्यात कमीपणा नाही. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाने एकेक ओळ एकट्याने म्हणावी. ज्याला सर्वांत कमी येते त्याला आधी म्हणू द्या. मध्येच तोडू नका. पूर्ण झाल्यावर एकच चूक सांगा, तीही शब्दाचा अर्थ सांगून. अर्थ कळला की शब्द सहसा चुकत नाही. वाचता न येणाऱ्यांनी ऐकून शिकावे. बुद्धवचन पहिली काही शतके ऐकून आणि मुखोद्गत करूनच टिकले होते. महिनाभराने घरातल्या वडीलधाऱ्या बाईला पुढे बसवा आणि बाकीच्यांनी तिच्यामागे म्हणावे.

हीच रीत बँकेचा अर्ज भरताना, इंग्रजी शिकताना, सभेत दोन शब्द बोलताना ठेवा.

अभ्यासासाठी प्रश्न (घरी मिळून चर्चा करावी) :

1. मंत्र आणि वंदना यांत फरक कोणता?
2. पंडितांची चर्चा आणि राजांची चर्चा यांतला भेद आपल्या घरातले उदाहरण देऊन सांगा.
3. गेल्या महिन्यात 'चुकेल' म्हणून आपण कोणती गोष्ट करायची टाळली? ती या पंधरवड्यात करून पाहा.

भवतु सब्ब मंगलं.