आधी दिवे मालव

किल्ल्यांचा जुडगा तुझ्या हातात दिला, आता चार गोष्टी कानात घालते. हिशेबाच्या वह्या, गॅसवाल्याचा नंबर, टाकीचा कॉक, सगळं तुला ठाऊक आहे. पण बाळा, भंडारदऱ्याला येणारा पाहुणा आपल्या चार खोल्यांसाठी येत नाही. दाराबाहेर जे आहे त्यासाठी येतो. ते राखलं तर घर चालेल. तीस वर्षांत मला कळलं ते एवढंच, बाकी सगळा त्याचाच विस्तार.

काजव्यांपासून सुरुवात करते, कारण वर्षाची मोठी कमाई त्याच दिवसांत होते. मे संपता संपता वळवाच्या सरी येऊन गेल्या की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ ही झाडं पेटायला लागतात. एक झाड लुकलुकलं की शेजारचं त्याला साथ देतं, आणि थोड्या वेळात सगळी राई एका तालात उजळते आणि विझते. जूनच्या मध्यावर पाऊस अंग धरून कोसळायला लागला की आटोपलं. ही रोषणाई म्हणजे नरानं मादीला घातलेली साद असते. मादी बहुधा खाली गवतात, झुडपात बसून उत्तर देते. तिथं गाडीचा हेडलाइट पडला की तिला साद दिसत नाही आणि त्याला उत्तर सापडत नाही. कित्येक महिने मातीत अळी होऊन गोगलगाई खात वाढलेला हा जीव. पंख फुटल्यावर त्याच्या हातात जेमतेम दोन-तीन आठवडे. त्यातली एक रात्र आपल्या पाहुण्यांनी हिरावून घेतली तर पुढच्या वर्षी झाड काळंच राहील.

म्हणून त्या दिवसांत पाहुण्यांच्या गाड्या आपल्या अंगणातच राहू देत. चालत ने. टॉर्च एकच, तुझ्या हातात, काचेवर लाल जिलेटिनचा कागद बांधलेला आणि झोत पायाशी. रस्ता सोडून गवतात कुणाला उतरू देऊ नकोस, पायाखाली माद्या असतात. मोबाइल खिशात. पहिली पंधरा-वीस मिनिटं लोक कुरकुरतात, काहीच दिसत नाही म्हणतात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. तू गप्प उभा राहा. नंतर तेच कुजबुजत बोलायला लागतात. आणि आपल्या फाटकावरची पांढरी ट्यूब मी काढून टाकली ती पुन्हा लावू नकोस. ती होती तोवर फाटकाजवळच्या उंबरावर एक काजवा बसला नाही. ती काढली आणि दुसऱ्या उन्हाळ्यात उंबर लखलखला. त्या रात्री मी जेवणाची ताटं तशीच ठेवून बाहेर उभी राहिले होते.

आता पाणी. प्रवरेवरचं हे धरण 1926 साली पुरं झालं. उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि काठाला भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. वरून तो खडखडीत दिसतो, पण आत ओला असतो. एका मे महिन्यात एक तरुण पाहुणा फोटोसाठी पाण्याकडे निघाला आणि मांडीपर्यंत रुतला. जितका पाय ओढी तितका खाली जाई. मी त्याला ओरडून सांगितलं, मागे रेल, पाठीवर आडवा हो. गोठ्यातलं फळकूट सरकवून दिलं, दोर टाकला आणि चौघांनी हळूहळू ओढला. त्याला मी आधी सांगायला हवं होतं. सांगितलं नव्हतं, ती चूक माझी. तेव्हापासून ते फळकूट आणि दोर पडवीतच असतात, तिथून हलवू नकोस. पोहायला कुणालाच सोडू नकोस, दारू प्यालेल्याला तर काठावरसुद्धा नाही. धरणाखाली छत्रीच्या धबधब्याजवळ उभं राहायचं ते शेवाळलेल्या खडकापासून लांब, आणि भोंगा वाजला की पात्रातून तडक वर यायचं.

त्याच काठावर उन्हाळ्यात टिटवी असते. घरटं म्हणजे नुसता खड्यांचा खळगा, त्यात मातकट रंगाची, काळे डाग असलेली चार अंडी, टोकं आत वळवून ठेवलेली. तू खाली वाकून बघितलंस तरी आधी खडेच दिसतील. टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालायला लागली की समज, तू घराच्या जवळ आलास. ती एक पंख लोंबकळवत लंगडत चालली तर तिच्या मागे जाऊ नकोस, ती तुला अंड्यांपासून लांब नेते आहे. आल्या पावली मागे फीर. तंबू कुठं ठोकायचे हे मी दरवर्षी टिटवीला विचारूनच ठरवत आले. पाण्याला अगदी लागून तर ठोकायचेच नाहीत.

सापाचं नीट ऐक. पावसाळ्यात मण्यार रात्री घरात येते, जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात शिरते. तिचा दंश इतका बारीक की कित्येकदा माणूस जागाही होत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. असं कुणी सांगितलं तर ॲसिडिटी म्हणून गोळी देऊन बसू नकोस. आवळपट्टी नको, चिरणं नको, मांत्रिक नको. अंगठ्या-बांगड्या काढ, हातपाय हलू देऊ नकोस, 108 ला फोन कर आणि गाडी काढ. सापाची लस कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे हे मे महिन्यातच स्वतः जाऊन विचारून ये. कवड्याही पट्ट्यांचाच असतो, पण बिनविषारी. त्याचे पट्टे मानेकडे ठळक, शेपटीकडे पुसट, मण्यारीचे उलटे. एवढं ओळखता आलं तरी हात मात्र कुठल्याच सापाला लावायचा नाही. पाहुण्यांना खाटेवर झोपव, मच्छरदाणी गादीखाली खोच, सरपण भिंतीपासून लांब रच.

बिबट्याचं भय लोकांना फार असतं. आपल्याकडे त्याला वाघच म्हणतात. तो येतो कुत्र्यांमागे आणि कुत्री येतात खरकट्यामागे. म्हणून खरकटं रात्री बाहेर टाकायचं नाही, झाकणाच्या पिंपात ठेवायचं. अंधार पडल्यावर मूल मागे-पुढे एकटं चालू नये, मोठ्यांच्या मध्ये असावं. उघड्यावर कुणी उकिडवं बसू नये. वाकलेला माणूस त्याला सावजाएवढा दिसतो. समोर आलाच तर पळायचं नाही. उभं राहायचं, मोठ्यानं बोलायचं आणि त्याला जायला वाट ठेवायची.

कळसूबाईचं थोडक्यात. 1646 मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, म्हणून सगळ्यांनाच जायचं असतं. बारी गावातून पाहुण्यांना पहाटे काढ, शिड्यांवर गर्दी व्हायच्या आत वर पोहोचव. रतनगडाला नेताना अत्तर-सेंट लावलेल्याला आधी तोंड-हात धुवायला लाव. कड्याला आग्या मोहोळ असतं, आणि वास किंवा धूर गेला की ते उठतं. वाटाड्या रतनवाडीचाच घे. त्याला काय द्यायचं ते पाहुण्यांसमोर ठरव आणि त्याच दिवशी हातावर ठेव. महादेव कोळ्यांच्या आणि ठाकरांच्या पायाखालचं हे रान आहे. 1986 साली अभयारण्य झालं, त्याच्या कितीतरी आधीपासून ते इथं वाटा काढत आलेत.

कारवी फुलेल तेव्हा मला कळव, मी येईन. सात-आठ वर्षांतून एकदा सगळा डोंगर जांभळा होतो आणि बी धरून झुडपं वाळून जातात. आपल्या पडवीचा कूडही कारवीच्या काठ्यांचाच, शेणामातीनं लिंपलेला. दिवाळीआधी तो पुन्हा लिंपून घे.

एक राहिलं. पावसाळ्यात पाहुण्यांना दार वाजवून उठवायचं नाही. साडेपाचला चहाचं आधण ठेव आणि मागचं दार उघडून ठेव. ओढ्याकडे शीळकरी कस्तूर गायला लागतो, अगदी एखादा पोरगा आपल्याच नादात शीळ घालत चालल्यासारखा. लोक आपण होऊन बाहेर येतात आणि विचारतात, कोण गातंय? तेव्हा लगेच नाव सांगू नकोस. चहा दे आणि ओट्यावर त्यांच्या शेजारी बस.