लहान जीपगाडीत सबवूफर : सियागंजातील एक हिशेब

‘सबवूफर’ हा शब्द आज कॉलेजातील विद्यार्थ्याला समजावून सांगावा लागत नाही. वरातीत कानापेक्षा छातीलाच जो आवाज आधी कळतो, तो काढणारा हा मोठा स्पीकर. तो आपल्या गाडीत असावा, अशी हौस पुष्कळांना असते. परंतु त्यासाठी गाडीतली किती जागा, किती वीज आणि किती जोखीम द्यावी लागते, याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. प्रस्तुत लेखात तो मांडण्याचा प्रयत्न केला आहे. लेखक वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने पदार्थविज्ञान कामापुरतेच घेतले आहे.

या लेखाचे निमित्त इंदूरचे. आपल्या बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचे कुमार गंधर्व १९४८ साली ज्या देवासला जाऊन राहिले, त्याच्या जवळचे हे शहर. होळकरांच्या काळापासून तेथे मराठी घरे आहेत, त्यांपैकी एक माझ्या मामांचे. सियागंज या तेथील जुन्या घाऊक बाजारपेठेत त्यांचे किराण्याचे दुकान आहे. मालव्याची काळी माती पावसाळ्यात चाक धरून ठेवते; म्हणून खेड्यांतून फिरण्यासाठी त्यांनी मारुती जिम्नी घेतली. जुन्या जिप्सीच्या वंशातील ही गाडी पाच दारांच्या रूपात आपल्याकडे २०२३ साली आली. मामेभावाला तीत सबवूफर हवा होता. मामांनी दोन अटी घातल्या : “मागची सीट काढायची नाही, आणि नमुन्याच्या पिशव्या ठेवायची जागा पाचव्या हिश्श्याहून जास्त जाता कामा नये.” या अटींमुळेच प्रश्न अभ्यासण्यासारखा झाला.

खर्ज आणि लहान गाडी

गायक काळी एक या पट्टीत गात असेल, तर त्याचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा आणि खर्जाचा षड्ज त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झचा असतो. दारातले लहान स्पीकर याच्या आसपास दम सोडू लागतात. त्याखालचे काम सबवूफरचे.

४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे साडेआठ मीटर भरते. जिम्नीची संपूर्ण लांबी ३,९८५ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरलाही कमी. तेव्हा एवढी लांब लहर गाडीत मावणार कशी, असा प्रश्न स्वाभाविकपणे पडतो. त्याचे उत्तर असे, की लहर मावण्याची गरजच नसते. बंद खोलीची सर्वांत मोठी लांबी लहरीच्या निम्म्याहून कमी झाली, की आतली सगळी हवा एकदमच दाबली व सैल सोडली जाते. गाडीची आतली लांबी अडीच मीटर धरली, तर ही सीमा सुमारे ७० हर्ट्झवर येते. तिच्याखाली जसजसे उतरावे तसतसा दाब वाढत जातो. हवा कोठूनही गळत नसेल तर दर सप्तकाला जास्तीत जास्त १२ डेसिबलपर्यंत. खोली जितकी लहान तितकी ही सीमा वर सरकते. लहान गाडी याबाबतीत आपल्याला फुकट भांडवल पुरवते.

मात्र गाडी बंद असेल तरच. कापडी टप असलेल्या जिप्सीत किंवा काचा उघड्या ठेवलेल्या गाडीत हा दाब टिकत नाही. हे आधी लक्षात घेतले नाही, तर त्याच सबवूफरबद्दल एक मित्र “छान” म्हणतो, दुसरा “काहीच नाही” म्हणतो, आणि दोघेही खरे बोलत असतात.

पेटीचे गणित

स्पीकरच्या पडद्याच्या पुढच्या व मागच्या बाजूचे आवाज उलट दिशेचे असतात. ते मिसळले तर खर्ज परस्परांत नाहीसा होतो. म्हणून पेटी हवी. पूर्ण बंद पेटीतील हवेचीच स्प्रिंग म्हणून योजना करण्याची कल्पना अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी १९५४ साली प्रत्यक्षात आणली. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरीच्या दशकाच्या आरंभी स्पीकरचे गुण मोजक्या आकड्यांत बसवले. चांगल्या स्पीकरच्या कागदावर ते छापलेले असतात. बंद पेटीसाठी तीन पुरतात : एफ.एस. (स्पीकरची स्वतःची कंपनसंख्या), क्यू.टी.एस. (त्याचे कंपन किती लवकर शमते याचे माप) आणि व्ही.ए.एस. (त्याच्या लवचीकपणाइतकी हवा, लिटरमध्ये). सूत्र असे :

पेटीचे आकारमान = व्ही.ए.एस. ÷ [(क्यू.टी.सी. ÷ क्यू.टी.एस.)² − १]

यात क्यू.टी.सी. हा आपल्याला हवा असलेला परिणाम; ०.७०७ घेतला की आवाज सपाट व स्वच्छ येतो. उदाहरणादाखल १० इंची स्पीकर घेऊ : एफ.एस. ३० हर्ट्झ, क्यू.टी.एस. ०.४५, व्ही.ए.एस. ४० लिटर. ०.७०७ ला ०.४५ ने भागता १.५७, त्याचा वर्ग २.४७, एक वजा जाता १.४७. ४० ला १.४७ ने भागले की सुमारे २७ लिटर. पेटीत बसल्यावर स्पीकरची कंपनसंख्या ३० × १.५७, म्हणजे ४७ हर्ट्झ होते. त्याखाली बंद पेटीचा आवाज दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो, आणि नेमका तेथेच गाडीचा दाब त्याला वर उचलतो. एकाची तूट दुसऱ्याच्या शिलकीने बरीचशी भरून निघते. नळी बसवलेली उघडी पेटी जास्त जागा घेते, आणि कच्च्या रस्त्यावर नळीतून धूळ आत जाते. लहान जीपगाडीला बंद पेटीच योग्य.

आता मामांची अट. आतून ४२ × ३० × २३ सेंटिमीटर पेटी केली, तर सुमारे २९ लिटर होतात. स्पीकरचे धूड वजा जाता २७ उरतात. १८ मिलिमीटर जाडीची फळी धरता बाहेरून ४५.६ × ३३.६ × २६.६ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ४१ लिटर जागा जाते. जिम्नीत मागची सीट उभी असताना सामानाची जागा २०८ लिटर आहे. ४१ लिटर म्हणजे तिचा पाचवा हिस्सा. अट पाळली गेली. पण १२ इंची स्पीकरची हौस सोडून द्यावी लागली.

लाकडाबाबत एक सूचना. एम.डी.एफ. स्वस्त व जड, परंतु पाणी लागले की फुगते. नाल्यातून जाणाऱ्या गाडीत मरीन प्लाय (आय.एस. ७१० छापाचा) वापरावा. सांधे गोंद व स्क्रूने पक्के करून आतून सिलिकॉन भरावे. पडदा बोटांनी हलकेच समान दाबून सोडला असता सावकाश परतला, तर पेटी हवाबंद आहे असे समजावे.

वॅट आणि घटती सीमान्त उपयोगिता

अर्थशास्त्राच्या तासाला हा नियम शिकवताना बहुधा आंब्याचे उदाहरण देतात. अॅम्प्लिफायरचे उदाहरण त्याहून चोख आहे. शक्ती १०० वॅटवरून २०० केली, की आवाज ३ डेसिबलने वाढतो. पुढचे ३ डेसिबल मिळवायला ४०० वॅट लागतात, त्यापुढील तीनासाठी ८००. आणि कानाला ‘दुप्पट’ वाटावे यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. पहिल्या शंभर वॅटचा रुपया आणि आठव्या शंभराचा रुपया सारखे समाधान देत नाहीत.

शिवाय खोक्यावर छापलेले वॅट खरे असतीलच असे नाही. ‘१,२०० वॅट’ हा पुष्कळदा क्षणिक कमाल आकडा असतो; सतत मिळणारी शक्ती आर.एम.एस. या नावाने निराळी लिहिलेली असते. ताळा पाहण्याची सोपी युक्ती म्हणजे अॅम्प्लिफायरवरचा फ्यूज. फ्यूज एकूण ४० अँपियरचा असेल, तर १३.८ व्होल्टला आत जाणारी शक्ती ५५२ वॅट. शेकडा ८० कार्यक्षमता धरली तरी बाहेर सुमारे ४४० वॅटच येणार. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत, हा नियम येथेही लागू पडतो.

तार आणि तराजू

३०० वॅट देणारा अॅम्प्लिफायर पूर्ण जोरात सुमारे २७ अँपियर घेतो. बॅटरी पुढे, पेटी मागे. जाणारी व येणारी तार मिळून १० मीटर धरू. २.५ चौरस मिलिमीटरची घरगुती तार वापरली, तर वाटेतच सुमारे १.९ व्होल्ट गळतात आणि ५० वॅट उष्णता गालिच्याखाली दबलेल्या तारेत मुरते. गाडीला आग लागण्याची सुरुवात अशीच होऊ शकते. १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत गळती ०.३ व्होल्टवर येते.

येथे सियागंज उपयोगी पडते. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तारही मिळते. ती दिसायला तशीच असते, पण वीज वाहून नेण्यात बरीच उणी. प्लास्टिक सोललेला १६ चौरस मिलिमीटरचा दहा सेंटिमीटर तुकडा शुद्ध तांब्याचा असेल, तर त्याचे वजन सुमारे १४ ग्रॅम भरते. मुलाम्याचा असेल, तर जेमतेम ५. केशर-वेलदोडे तोलणाऱ्या बारीक काट्यावर हा निवाडा अर्ध्या मिनिटात होतो. मामांच्या दुकानात तो तसाच केला.

मुख्य फ्यूज बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आतच बसवावा. तो अॅम्प्लिफायरसाठी नसून तारेसाठी असतो. पत्र्यावर घासून तार उघडी पडली, तर तिच्यातला प्रवाह त्यानेच तोडायचा. पत्र्यातून तार नेताना रबरी ग्रॉमेट आवश्यक. अशा गाड्यांचे अंग चॅसिसवर रबरी आधारांवर टेकलेले असते. त्यामुळे परतीची तार थेट बॅटरीपर्यंत नेणे श्रेयस्कर. अॅम्प्लिफायर जमिनीवर ठेवू नये, तेथे पाणी शिरते. पेटीवरही नको, तेथे तो सतत थरथरतो. सीटच्या पाठीला लावलेली फळी हे त्याचे ठिकाण.

बोल्ट : ज्याचा आवाज येत नाही

माझ्या मते हा भाग सर्वांत महत्त्वाचा. भरलेली पेटी सुमारे १५ किलोची होते. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगात असताना धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतील प्रत्येक वस्तूला स्वतःच्या वजनाच्या सुमारे वीसपट रेटा बसतो. १५ किलोची पेटी त्या क्षणी ३०० किलोची होते, आणि तिच्या पुढ्यात मागच्या सीटवर बसलेल्या माणसाचे डोके असते. चिकटपट्टी किंवा दोन लाकडी स्क्रू तेथे कामाचे नाहीत.

डोक्यावर ‘८.८’ असा छाप असलेला ८ मिलिमीटरचा एकच बोल्ट दोन हजार किलोहून अधिक ताण सहन करतो. दुबळे असतात ते लाकूड आणि पत्रा. म्हणून चार बोल्ट, दोन्ही बाजूंना रुंद पोलादी वॉशर आणि न सुटणारे नायलॉन नट वापरावेत. शक्यतो गाडीत आधीच असलेल्या बोल्टांच्या जागा घ्याव्यात. नवे भोक पाडणे भागच असेल, तर आधी गाडीखाली वाकून पाहावे : इंधनाची टाकी आणि ब्रेकची नळी तेथेच असतात. खडबडीत रस्त्यावर महिनाभर फिरल्यावर नट पुन्हा आवळावेत. हा सगळा माल हार्डवेअरच्या दुकानातला. स्पीकरच्या किमतीपुढे त्याची किंमत किरकोळ असते. काटकसर मात्र लोक नेमकी येथेच करतात.

सीट न काढण्याची मामांची अटही केवळ सोयीची नव्हती. बसणाऱ्यांची संख्या गाडीच्या नोंदणीपत्रात लिहिलेली असते. सीट काढली की नोंद आणि गाडी यांचा मेळ राहत नाही.

हिशेबाची शेवटची बाजू

वाणिज्यात एका वस्तूसाठी दुसरी किती सोडावी लागली, त्याला संधी-परिव्यय म्हणतात. येथे तो ४१ लिटर जागेचा आहे, तसाच कानांचाही. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो असे मानतात. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते, म्हणजे ९४ डेसिबलला एकच तास. बाहेरच्यांचाही विचार हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वसतीच्या भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल आहे. खर्ज काचेने व पत्र्याने फारसा अडत नाही. आपण काचा लावून ऐकत असलो, तरी शेजारच्या आजारी माणसाला तो ऐकावाच लागतो.

बसवून झाल्यावर दारातल्या स्पीकरांना ८० हर्ट्झच्या वरचा आणि सबवूफरला खालचा भाग वाटून दिला. मागच्या दाराला जादा चाक टांगलेले. ते आणि नंबरप्लेट गुणगुणू लागले, तेव्हा दाराच्या पत्र्याला आतून डांबरी पट्टी लावली. मामांनी पहिल्या दिवशी अमीर खाँसाहेबांचे ध्वनिमुद्रण लावायला सांगितले. मंद्र सप्तकातील आलापीसाठी ओळखले जाणारे हे गायक इंदूर घराण्याचे. आवाजाची कळ अर्ध्याच्याही खाली होती, तरी तानपुऱ्याचा खर्ज स्पष्ट ऐकू येत होता.

सारांश, लहान गाडीत खोल आवाजासाठी मोठ्या आकड्यांची गरज पडत नाही. मोजून केलेली पेटी, तोलून घेतलेली तार आणि आवळलेले बोल्ट एवढे असले, की बेताचे वॅट पुरतात. हौसेवर खर्च करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थी मित्राने दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी हे तीन आकडे कागदावर लिहून न्यावेत : लिटर, चौरस मिलिमीटर आणि किलो. वॅटचा आकडा दुकानदार आपण होऊन सांगतोच.