चिखलाचे बळ

वरकुटे हे गाव पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात वसले आहे. या तालुक्याच्या उत्तरेकडून भीमा व दक्षिणेकडून नीरा वाहते आणि नीरा-नरसिंहपूर येथे त्यांचा संगम होतो. पावसाळ्यात ओढ्यानाल्यांवाटे शेतांतील माती या नद्यांत येते. पुढे भीमा कृष्णेस मिळते आणि कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरास मिळते. तेथील सुपीक त्रिभुज प्रदेश नदीने आणलेल्या गाळानेच घडला आहे.

लाटा रात्रंदिवस आदळत असता हा चिखलाचा किनारा टिकतो कसा? मूठभर काळी माती पाण्यात पातळ कालवावी आणि दुसरी मूठभर चांगली मळून तिचा घट्ट गोळा करावा. दोहोंवर पाण्याची धार धरावी. पातळ चिखल तत्काळ वाहून जातो. गोळा मात्र बराच वेळ टिकतो. माती एकच, परंतु बळ निराळे!

याचे कारण कणांत आहे. चिकणमातीचा कण एका मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान असतो. वाळूचे कण सुटे राहतात. चिकणमातीचे कण एकमेकांस धरून राहतात. ताज्या गाळात पाणी फार असल्यामुळे ही पकड सैल असते. वर नवे थर साचले, की त्यांच्या भाराने पाणी पिळून निघते व चिखल घट्ट होतो. अशी घट्ट चिकणमाती उखडण्यास बारीक वाळूपेक्षाही अधिक वेगवान प्रवाह लागतो, हे स्वीडनचे शास्त्रज्ञ यूल्स्ट्रॉम यांनी १९३५ मध्ये दाखविले. खारफुटीची मुळे पाण्याचा वेग मंद करून चिखलास आणखी आधार देतात.

तथापि या बळासही मर्यादा आहे. वादळी लाटा चिखल पुन्हा सैल करतात. ती झीज भरून निघण्यास नवा गाळ हवा. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. कृष्णेच्या खोऱ्यातील अशा अनेक धरणांनी शेतीस पाणी दिले, पण गाळही अडविला. त्यामुळे समुद्रापर्यंत पोहोचणारा गाळ फार घटला असून त्रिभुज प्रदेशाचा किनारा काही ठिकाणी खचत आहे. तेथील कोळ्यांची व शेतकऱ्यांची घरेदारे त्याच भूमीच्या आधाराने उभी आहेत.

शेतातून वाहून गेलेली माती आता किनाऱ्यासही फारशी लाभत नाही. ती बहुतांशी धरणाच्या तळाशी साचते. म्हणून शेतात माती बांध घालून राखावी आणि किनाऱ्यावर खारफुटी जपावी. मातीस बळ असते. ते टिकविणे माणसाच्या हाती असते.