ससाण्याचा प्रश्न

भयभीत कपोत शिबी राजाच्या आश्रयास आला, तेव्हा राजाने त्याला अभय दिले. पाठोपाठ ससाणा आला. याला वाचविताना मला व माझ्या पिलांना उपाशी मारणे हा कोणता धर्म, असे त्याने विचारले. राजाने स्वतःचे मांस तोलून दिले, ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु ससाण्याचा प्रश्न बहुधा कोणाच्या ध्यानात राहत नाही.

भक्ष्य आणि भक्षक यांच्यामध्ये मनुष्याने पडावे काय, हाच पेच अमेरिकेतील आइल रॉयल या बेटावर निराळ्या रूपाने उभा राहिला. सुपीरियर सरोवरातील हे बेट राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे मूस नावाची प्रचंड हरणे राहतात. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास गोठलेल्या सरोवरावरून चालत लांडगेही तेथे आले. म्हातारी व दुबळी हरणे आणि कोवळी पाडसे यांवर त्यांची उपजीविका चाले. पाडसावर लांडगे तुटून पडलेले पाहून कोणाचे मन द्रवणार नाही?

1980 साली बेटावर 50 लांडगे होते. 1982 साली 14 च उरले. कुत्र्यांचा एक साथीचा रोग त्यांना जडला होता, आणि तो माणसांच्या कुत्र्यामार्फत तेथे पोहोचला असावा. भक्षक थोडे झाले म्हणून हरणे सुखी झाली असे मात्र नाही. त्यांची संख्या वाढली, चारा पुरेना, आणि 1996 च्या कडक हिवाळ्यात शेकडो मूस उपासमारीने मेले. पुढे हवामान उष्ण होत गेले. सरोवर पूर्वीसारखे गोठेना, त्यामुळे नवे लांडगे येणेही खुंटले. 2018 साली केवळ दोन लांडगे राहिले. मूस पुन्हा वाढले आणि झाडांची कोवळी रोपे खाऊन टाकू लागले.

निसर्गाच्या कारभारात माणसाने हात घालू नये, असे काहींचे म्हणणे पडले. रोग व उष्णता यांच्या रूपाने तो हात केव्हाच घातला गेला आहे, असे इतरांनी उत्तर दिले. आणि ते खोडून काढणे कठीण होते. तरीही हरणांच्या रानात त्यांना मारणाऱ्यालाच बोलावून आणावयाचे, ही दया चमत्कारिकच खरी!

2018 व 2019 साली 19 लांडगे बाहेरून पकडून बेटावर सोडण्यात आले. या दगदगीत काही लांडगे दगावले. उरलेल्यांनी मूसांची शिकार आरंभिली, आणि पुढे त्यांना पिले झाली.